पुण्यात आवाज घडवायचा तर: ॲप, स्पीच थेरपी, गाण्याचा क्लास आणि शस्त्रक्रिया यांची पारख

इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, सुरू झालं की आवाज आपोआप पातळ होईल, अशी आशा सुरुवातीला बऱ्याच ट्रान्स मुलींना असते. तसं होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, स्वरयंत्र गळ्यात खाली सरकतं. हे एकदा झालं की नंतरची कुठलीही गोळी, पॅच किंवा जेल ते मागे फिरवू शकत नाही. आवाजावर वेगळं काम करावं लागतं. त्यासाठी पुण्यात राहणाऱ्या माणसासमोर फोनवरचं ॲप आणि घरचा सराव, स्पीच थेरपिस्ट, ऑनलाइन किंवा गाण्याचा शिक्षक, आणि शस्त्रक्रिया एवढे पर्याय आहेत. आमचं मत आधीच सांगतो. पहिले पैसे स्पीच थेरपिस्टवर खर्च करा, आणि थेरपिस्ट तुमच्याकडून मराठीत सराव करून घेणारा असू द्या. ॲप फुकटातलं पुरतं. शस्त्रक्रिया चांगली असू शकते, पण ती पहिली पायरी नाही.

पिचच्या, म्हणजे सूर किती उंच आहे त्याच्या, आकड्याला फार भाव दिला जातो, म्हणून त्याचं आधी बघू. पुरुषांचं रोजचं बोलणं साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतं, बायकांचं १८० ते २२० च्या आसपास. मधल्या १४५ ते १७५ च्या पट्ट्यात ऐकणाऱ्याला नुसत्या पिचवरून ठरवता येत नाही. पेटीची भाषा कळणाऱ्यांसाठी सांगायचं तर १६५ हर्ट्झ म्हणजे पांढरी तीन, १९६ म्हणजे त्याच सप्तकातली पांढरी पाच. पुरुष गायक बहुधा काळी एक-काळी दोनला षड्ज लावतात, गायिका काळी चार ते काळी पाचला. फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप असेल तर स्क्रीनकडे न बघता सूर धरून ठेवायला ते उत्तम.

पण पिच २०० ला नेऊनही फोनवर ‘बोला सर’ ऐकावं लागतं, कारण कान आणखी दोन गोष्टी मोजत असतो. एक रेझोनन्स. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी प्रौढ पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर असते, बाईमध्ये १४ च्या आसपास. नळी लांब असली की आवाज मोठ्या पोकळीतून आल्यासारखा वाटतो, सूर कितीही वर असो. दुसरी गोष्ट आवाजाचं वजन, म्हणजे स्वरतंतू किती जाड कडेने आणि किती जोरात एकमेकांवर आपटतात ते. साध्या फोन लाइनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा पलीकडे पोचतो. १८० हर्ट्झचा मूळ सूर त्यात बसतच नाही, समोरच्याचा कान तो वरच्या सुरांवरून जुळवून घेतो. रेझोनन्स आणि वजन मात्र त्या पट्ट्यात स्पष्ट ऐकू येतात. समोरासमोर चालून जाणारा आवाज फोनवर पकडला जातो तो यामुळे.

ॲप आणि सॉफ्टवेअर

‘व्हॉइस टूल्स’ आणि ‘व्हॉइस पिच ॲनालायझर’ ही दोन्ही मोफत आहेत आणि त्यांचं मुख्य काम एकच: पिच दाखवणं. तेवढ्यासाठी ती चांगली. फॅन चालू असेल, कुकर शिट्टी देत असेल, तर आकडा भरकटतो. वाक्याच्या शेवटी आवाज चरचरला तर ॲप पिच निम्मं दाखवतं आणि सरासरी खाली ओढली जाते, म्हणून सरासरीपेक्षा आलेख बघा. फोन तोंडापासून वीतभर लांब, रोज त्याच खोलीत, तोच परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा. नाहीतर दोन महिन्यांनी तुलना करायला हातात काहीच राहत नाही.

संगणकावर ‘प्रात’ घ्या. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ध्वनिशास्त्राचे अभ्यासक जगभर तेच वापरतात. दिसायला रुक्ष, शिकायला एखादी संध्याकाळ लागते. पण रेझोनन्सचे आकडे, म्हणजे फॉर्मंट, यात दिसतात. पिचची मर्यादा ७५ ते ५०० ठेवा. फॉर्मंटची वरची मर्यादा ५५०० ठेवली तर पुढे प्रत्येक वेळी तीच ठेवा, ती बदलली की आकडेही बदलतात आणि आवाज सुधारल्याचा भास होतो. आकडेवारीत रमणाऱ्यांना हे आवडेल, बाकीच्यांनी स्वतःचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकावं. त्याचा उपयोग जास्त होतो.

घरचा सराव, मराठीतून

इंटरनेटवरचे बहुतेक धडे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहेत. त्यांतलं तंत्र खरं आहे, पण मराठी तोंडात ते जसंच्या तसं बसत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

सुरुवात कुजबुजीने करा. कुजबुजताना पिच नसतंच, फक्त रेझोनन्स ऐकू येतो. आधी मोठं कुत्रं धापा टाकतं तसं ‘हा-हा’, मग छोटं पिल्लू टाकतं तसं. दोन्हींत घशात काय हलतं ते बोटाने चाचपा. आवंढा गिळताना स्वरयंत्र वर जातं ते जाणवलं की दिशा कळते. ते वर ताणून धरून ठेवायचं नाही. गिळण्याच्या स्थितीत अडकवून बोललं तर घसा आवळतो, आवाज बेडकासारखा येतो आणि दहा मिनिटांत दुखायला लागतं. स्वरयंत्र थोडंसंच वर, जीभ पुढे आणि मागचा भाग उंच, ओठांचे कोपरे किंचित ताणलेले, एवढं पुरे.

स्वरांचा क्रम महत्त्वाचा. ‘ई’ म्हणताना जीभ आपोआप पुढे जाते, म्हणून छोटा रेझोनन्स ‘ई’वर आधी सापडतो. तिथून ‘ए’, मग ‘ॲ’, मग ‘आ’. ‘ओ’ आणि ‘ऊ’ सगळ्यांत शेवटी, कारण ओठांचा चंबू झाला की नळी पुन्हा लांब होते. ‘आ’वर रेझोनन्स निसटतो अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकीची असते. तसं झालं की ‘ई’वर परत जाऊन ‘ई-या, ई-या’ करत हळूहळू उतरायचं.

मग मराठीची खास अडचण: ळ, ण, ट, ड. जिभेचं टोक मागे वळलं की तिसरा फॉर्मंट खाली येतो आणि आवाज गडद होतो. ‘बाळ, केळी, पाणी, कोण, वाळवण’ असे शब्द घ्या आणि जिभेचं टोक टाळूला नेमकं लागेल, पण पूर्ण जीभ मागे ओढली जाणार नाही, असं म्हणून बघा. घ, झ, ध, भ यांच्यानंतरच्या स्वराचं पिच नैसर्गिकपणे थोडं उतरतं. ‘भाजी घरी झाली’ एवढ्या तीन शब्दांत सूर तीनदा घसरतो. बदल करू नका, फक्त कुठे घसरतो ते कानाला कळू द्या. ह आणि म्ह मात्र मित्र आहेत. ‘हं, हो, हवंय, म्हणजे, म्हटलं’ हे शब्द श्वासावर सुरू होतात, त्यामुळे स्वरतंतू धाडकन आपटत नाहीत आणि वजन कमी कसं वाटतं ते पहिल्यांदा समजतं. तोच हलकेपणा मग ‘आई, उद्या, इकडे’ अशा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत आणायचा. इथे एक धोका आहे. हलकं म्हणजे फुसकं नव्हे. सगळा वेळ हवेशीर आवाजात बोललं तर रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आवाज पोचत नाही आणि घसा कोरडा पडतो.

सगळ्यात जास्त वेळ वाक्याच्या शेवटावर घालवा. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं, आणि ‘आहे’, ‘नाही’, ‘होतं’पर्यंत पोचेतो श्वास संपलेला असतो. सूर खाली बसतो, आवाज चरचरतो आणि अख्ख्या वाक्यात सांभाळलेलं शेवटच्या दोन अक्षरांत हातचं जातं. उपाय उलट्या बाजूने बांधण्याचा: आधी नुसतं ‘आहे’, मग ‘घरी आहे’, मग ‘मी घरी आहे’, मग ‘आज मी दिवसभर घरी आहे’. प्रत्येक वेळी ‘आहे’ पहिल्या वेळेसारखंच निघालं पाहिजे. लांब वाक्यात मध्ये श्वास घ्यायला लाजू नका. येते, जाते, आले, गेले यांचा शेवट ‘ए’ने होतो आणि ‘ए’ पुढचा स्वर आहे, त्यामुळे ही रूपं रेझोनन्सला आपोआप मदत करतात. नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला पूर्ण पुरुष किंवा पूर्ण स्त्री न मानणाऱ्या, व्यक्तींना ‘येतो’ही नको असेल आणि ‘येते’ही, तर सरावाला ‘येईन, करेन, मला जायचंय, मला हवंय’ अशी वाक्यं घ्यावीत, त्यांत लिंग येतच नाही.

सरावाआधी आवाज गरम होण्यासाठी आणि नंतर थकवा काढण्यासाठी स्ट्रॉ. अर्धा ग्लास पाणी, त्यात ५-६ मिलिमीटर व्यासाची स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवायची आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. सूर खालून वर, वरून खाली, दोन-तीन मिनिटं. बुडबुडे सलग आले पाहिजेत. खोल बुडवली तर जोर जास्त लागतो. कागदी स्ट्रॉ मऊ पडते, स्टीलची घ्या. नाक चिमटीत धरून बघा: आवाज थांबला तर हवा नाकातून जात होती.

दिवसाला १५-२० मिनिटं, शक्यतो दोन भागांत. सलग तासभर करण्याने फायदा होत नाही, घसा बसतो. पीजीमध्ये किंवा घरच्यांसोबत राहणाऱ्यांना मोकळी जागा मिळत नाही, हा प्रश्न खरा आहे. कुजबुज आणि स्ट्रॉ भिंतीपलीकडे फारसे जात नाहीत. पूर्ण आवाजाचा सराव सकाळी तळजाईला किंवा वेताळ टेकडीला, कानात इयरफोन घालून फोनवर बोलतोय असं करून होतो. दुचाकीवर मात्र सराव करू नका. रहदारीच्या वर आवाज काढताना वजन परत वाढतं. सराव करताना दुखलं, टोचलं, किंवा नंतर आवाज बसला तर दोन दिवस थांबा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्वरतंतू बघून घ्या. रात्री उशिरा जेवून आडवं होणाऱ्यांचा आवाज सकाळी जड असतो, कारण आम्ल घशाशी येतं. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध, घेणाऱ्यांना लघवी जास्त होते, त्यांनी पाणी हाताशी ठेवावं.

ज्येष्ठमध आणि खडीसाखर घशाला आराम देतात, स्वरतंतूंची लांबी बदलत नाहीत. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं, तेव्हा हार्मोन देणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्याची सवय लावू नका. आवाज पातळ करणारी पावडर किंवा गोळी म्हणून जे विकलं जातं ते घेऊच नका.

स्पीच थेरपिस्ट

फोन करताना ‘स्पीच थेरपी’ एवढंच म्हटलं तर मुलांच्या उशिरा बोलण्यावर किंवा तोतरेपणावर काम करणाऱ्यांकडे पाठवलं जाण्याची शक्यता जास्त. ‘व्हॉइस थेरपी करता का, आणि ट्रान्स व्यक्तींसोबत केली आहे का’ असं सरळ विचारा. थेरपिस्टकडे बीएएसएलपी (श्रवण आणि वाणी-उपचाराची पदवी) किंवा त्यापुढची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिऑलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीचं महाविद्यालय आहे. जिथे हा विषय शिकवला जातो तिथे चौकशी करणं केव्हाही चांगलं. विद्यार्थी उपचार करणार असतील तर देखरेख कोणाची आणि सत्र संपल्यावर पुढे कोण घेणार, हे आधी ठरवून घ्या. स्वरतंतूंच्या तपासणीसाठी ससूनच्या कान-नाक-घसा विभागाचा पर्याय खिशाला परवडतो. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात लॅरिंगॉलॉजी, म्हणजे स्वरयंत्राचा वेगळा विभाग आहे. मुंबईला जाता येत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही याच क्षेत्रातली केंद्र सरकारची संस्था आहे. कुठेही गेलात तरी केसपेपरवरचं जुनं नाव बाहेर मोठ्याने पुकारलं जाऊ नये म्हणून काउंटरवर ‘आडनावाने हाक मारा’ एवढं आधी सांगून ठेवा.

पहिल्या भेटीवरून थेरपिस्टची पारख होते. आधी स्वरतंतूंची तपासणी झालेली असावी, शक्यतो स्ट्रोबोस्कोपी (चमकत्या प्रकाशात स्वरतंतूंचा कंप बघण्याची तपासणी), कारण गाठ किंवा सूज असताना सराव सुरू केला तर ती वाढते. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद टिकतो, सर्वांत खालचा आणि वरचा सूर कुठला, रोजच्या बोलण्याचं पिच किती, हे मोजलं जावं. ट्रान्स स्त्रियांच्या आवाजासाठी ३० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, टीडब्ल्यूव्हीक्यू नावाची. ती माहीत असणारा थेरपिस्ट या विषयात वाचन ठेवून आहे असं समजा. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला काय हवंय हा प्रश्न विचारला जावा. एखाद्या नॉन-बायनरी व्यक्तीला मधला आवाज हवा असतो, कोणाला ऑफिसचा एक आणि मित्रमैत्रिणींतला एक असे दोन. ‘बाईसारखं बोलायचं ना, मग २२० ला जाऊ’ असं म्हणून थेट पिचपासून सुरुवात करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. पिच आधी चढवलं की फॉल्सेटो, म्हणजे ओढून काढलेला खोटा पातळ आवाज, लागतो. तो पोकळ असतो, त्यात हसता येत नाही, आणि त्याची सवय मोडायला महिने जातात.

अनुभव नसलेला पण शिकायला तयार असलेला थेरपिस्ट चालेल. डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत आवाज आणि संवाद यावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते त्यांच्यासमोर ठेवा. फी विचारताना स्ट्रोबोस्कोपी वेगळी आहे का, सत्र ३० मिनिटांचं की ४५, चुकलेल्या सत्राचे पैसे जातात का, हे तिन्ही विचारा. विम्याच्या भरवशावर राहू नका. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रिया, हार्मोन आणि लेझरचा नावाने उल्लेख आहे, आवाजाचा नाही. कंपनी काय देईल ते लेखी मागा.

ऑनलाइन शिक्षक आणि गाण्याचा क्लास

ऑनलाइन शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः ट्रान्स असलेले बरेच आहेत आणि त्यांचा कान तयार असतो, ही मोठी जमेची बाजू. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर गोंगाट काढणारी यंत्रणा कुजबुज आणि श्वासच पुसून टाकते आणि शिक्षकाला नेमकं तेच ऐकायचं असतं. इंग्रजीत कमावलेला आवाज मराठीत आपोआप येत नाही. निम्मा तास मराठीसाठी मागून घ्या.

शास्त्रीय गाण्याचा क्लास पुण्यात कुठल्याही पेठेत मिळतो. सूर ऐकण्याची तयारी आणि श्वास यांसाठी तो चांगला. पण खर्जाचा रियाज आणि खुला, भरदार आकार हे दोन्ही या कामाच्या उलट दिशेने ओढतात. आधीपासून गाणाऱ्यांनी क्लास सोडू नये, गुरूंना सांगून खर्ज कमी करावा. फक्त आवाजासाठी नव्याने क्लास लावण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया

आज जास्त केली जाते ती वेंडलर ग्लॉटोप्लास्टी. पूर्ण भूल देऊन तोंडातूनच करतात, गळ्यावर व्रण राहत नाही. स्वरतंतूंच्या पुढच्या साधारण तिसऱ्या भागावरचं आवरण काढून तिथे टाके घालतात, तो भाग जुळतो आणि कंप पावणारी लांबी कमी होते. पिचचा तळच वर येतो, म्हणून खोकला, शिंक, झोपेतून उठल्यावरचा पहिला शब्द, हेही बदलतात, आणि सरावाने नेमकं हेच सहज साधत नाही. सरावाने आवाज मिळाला आहे पण दिवसभर तो धरून ठेवण्याने थकवा येतो, किंवा दचकल्यावर जुना आवाज निघेल या भीतीत जगणं होतं, अशांसाठी ती योग्य. रेझोनन्स मात्र या शस्त्रक्रियेने बदलत नाही. सराव न करता गेलेल्यांना उंच पण तसाच मोठ्या पोकळीचा आवाज मिळतो आणि मग थेरपी लागतेच.

किंमत म्हणून खालचे सूर जातात, आवाजाची ताकद कमी होते. वर्गात शिकवणारी, बाजारात बसणारी, कॉल सेंटरमध्ये आठ तास बोलणारी यांनी हे गांभीर्याने घ्यावं. शिक्षक कमरेला लावतात तो माइकचा छोटा स्पीकर पुढे लागू शकतो. पहिल्या आठवड्यांत जोरात खोकला आला किंवा ओरडलं गेलं तर टाके सुटतात, म्हणून सर्दी-खोकला असताना तारीख घेऊ नका. पुण्याचा पावसाळा या कामाला वाईट.

क्रायकोथायरॉइड ॲप्रॉक्सिमेशन ही जुनी पद्धत, १९७० च्या दशकात जपानच्या इश्शिकी यांनी मांडलेली. दोन कूर्चा टाक्यांनी जवळ आणून स्वरतंतू कायमचे ताणतात. बऱ्याच जणींचं पिच काळाने परत उतरतं, आणि ज्या स्नायूने आपण बोलताना सूर वरखाली करतो तोच अडकल्यामुळे बोलणं सपाट होतं. कोणी हीच पहिली सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कंठमणी घासून लहान करण्याची शस्त्रक्रिया वेगळी आहे, तिने आवाज पातळ होत नाही. उलट कूर्चा गरजेपेक्षा खाली कापली गेली तर स्वरतंतूंची पुढची जोडणी सुटून आवाज कायमचा जाड होऊ शकतो.

सर्जनला विचारायचं ते असं: ग्लॉटोप्लास्टी किती केल्या, त्यांत ट्रान्स स्त्रिया किती, वर्षभरानंतरची रेकॉर्डिंग ऐकवाल का, पुन्हा टाके घालावे लागले तर खर्च कोणाचा, आणि नंतरची थेरपी कोण देणार. रेकॉर्डिंग मागितल्यावर नुसते हर्ट्झचे आकडे पुढे केले तर समाधान मानू नका, त्या आकड्यांत घोगरेपणा दिसत नाही.

दुसऱ्या कुठल्या मोठ्या शस्त्रक्रिया ठरल्या असतील तर त्या आधी उरका. ग्लॉटोप्लास्टीनंतर स्वरतंतूंमधली जागा अरुंद होते आणि भुलीची नेहमीच्या मापाची नळी घातली तर जुळलेला भाग फाटू शकतो. पुढे आयुष्यात कधीही भूल घ्यावी लागली तर भूलतज्ज्ञांना लहान व्यासाची नळी वापरायला सांगावं लागतं. हे कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि घरातल्या एकाला माहीत असू द्या.

नंतर एक ते दोन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजही नाही, खाकरणंही नाही, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट. वॉचमन, दूधवाला, पार्सलवाला यांच्यासाठी फोनमध्ये वाक्यं टाइप करून ठेवा, ऑफिसला आधी कळवा. मौन संपल्यावर दिवसाला काही मिनिटांपासून हळूहळू बोलणं वाढवायचं. पहिले काही आठवडे आवाज घोगरा आणि अडखळता असतो, तो ऐकून घाबरू नका. खरा आवाज तीन ते सहा महिन्यांत बसतो. थेरपिस्टची पहिली तारीख शस्त्रक्रियेच्या आधीच घेऊन ठेवा, मौनात असताना फोन करून ती घेता येणार नाही.